चेक लाईट पुसली तरी परत येते: जुन्या पिकअपचा चिवट कोड शोधायचा कसा

तुर्भे, कळंबोली, वागळे इस्टेट, भिवंडीच्या गोदामांचा पट्टा. या भागात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून घेतलेल्या डिझेल पिकअपवर धंदा करणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच गाड्या बीएस ४ या प्रदूषण-मानकाच्या काळातल्या, म्हणजे एप्रिल २०२० च्या आधीच्या: कॉमन रेल इंजिन (पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, प्रेशरने डिझेल भरतो आणि तिथून ते इंजेक्टरना मिळतं) आणि सगळा कारभार ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, हातात. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराची पिवळी लाईट लागते, गॅरेजवाला स्कॅनर लावून ईसीएमने नोंदवलेला दोषाचा नंबर, म्हणजे कोड, पुसतो आणि लाईट विझते, चार भाडी मारली की ती पुन्हा हजर. मग कोणीतरी एक सेन्सर बदलतो, मग दुसरा. पैसे जातात, लाईट राहते.

ज्यांनी आजवर बॉनेट फक्त ऑइल-पाणी बघायला उघडलं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्ही स्वतः इंजिन खोलावं अशी अपेक्षा नाही. कोड कुठला आला एवढ्यावर थांबू नका, तो पुसल्यावर नेमका कधी परत येतो ते शोधा. निम्म्याहून जास्त निदान त्यातच होतं, आणि ते काम गाडी रोज चालवणाऱ्या माणसाइतकं दुसऱ्या कोणाला जमत नाही.

आधी लाईट शहाणी आहे का ते बघा

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक लाईट लागलीच पाहिजे. इंजिन चालू झालं की ती विझली पाहिजे. चावी ऑन केल्यावर ती लागतच नसेल तर बल्ब काढलेला असू शकतो किंवा त्यावर काळी टेप मारलेली असू शकते. जुनी पिकअप विकताना हा उद्योग सर्रास चालतो, म्हणून गाडी बघायला गेलात तर टायरच्याही आधी हे बघा.

पिवळी लाईट स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल तर भाडं पूर्ण करायला हरकत नाही. रेस दाबूनही गाडी एका मर्यादेच्या वर जात नसेल, तर ईसीएमने इंजिन वाचवायला ताकद कमी केली आहे. अशा वेळी माल भरून घाटात जाऊ नका. ऑइल प्रेशरची लाल लाईट लागली किंवा टेम्परेचरचा काटा वर चढला तर गोष्टच वेगळी. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, मग ऐरोली पुलावर असा नाहीतर ठाणे-बेलापूर रोडवर.

पुसण्याआधी फोटो

गॅरेजमध्ये शिरल्या शिरल्या सांगायचं, “मिस्त्री, कोड पुसू नका, आधी फोटो काढू द्या.” स्कॅनरच्या पडद्यावरच्या तीन गोष्टी हव्यात. एक, सगळे कोड, फक्त पहिला नाही. दोन, कोणता कोड पक्का आहे आणि कोणता पेंडिंग, म्हणजे अजून पक्का न झालेला. तीन, फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणाची ही नोंद असते: आरपीएम किती, वेग किती, इंजिन किती गरम, लोड किती. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते. चोरी झालेली खोली पोलीस यायच्या आधी झाडून काढावी, तसला हा प्रकार.

बॅटरीची पट्टी काढून ठेवणं ही जुनी युक्ती तर अजिबात नको. बऱ्याच ईसीएममध्ये कोड त्यानेही जात नाहीत, मात्र इंजिनाने शिकून ठेवलेली मापं जाऊ शकतात, आणि मग दोन दिवस गाडी वेगळीच वागते. खरं दुखणं कुठलं आणि नव्याने उभं राहिलेलं कुठलं, हेच कळेनासं होतं.

स्वतःचा ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटमध्ये खोचून फोनवर कोड दाखवणारा छोटा स्कॅनर) घ्यायचा विचार असेल तर एक अडचण आधीच माहीत असू द्या. स्वस्तातले डोंगल कारशी पटकन जुळतात, जुन्या व्यापारी गाड्यांशी पुष्कळदा जुळत नाहीत. सॉकेट तसंच १६ पिनांचं असतं, पण आतली बोली कंपनीची स्वतःची असू शकते. डोंगल पेटतच नसेल तर मल्टिमीटर लावा: सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट यायला हवा, ४ आणि ५ वर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड. करंट नसेल तर फ्यूज बघा. करंट आहे आणि तरी गाडी बोलत नाही, तर डोंगलशी भांडत बसू नका. व्यापारी गाड्यांचा स्कॅनर असलेला वायरमन गाठा. त्याला फोनवरच विचारा, “माझ्या पिकअपचा लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांचे चालू आकडे, दिसतो का, की नुसते कोड?” नुसते कोड दाखवणारा स्कॅनर इथे अर्ध्या कामाचा.

कोडची भाषा, थोडक्यात

पी म्हणजे इंजिन आणि गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचं, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटलं. पुढचा आकडा ० असेल तर कोड सर्वमान्य, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा. कंपनीच्या कोडचा अर्थ त्याच कंपनीच्या यादीत बघायचा. एकाच आकड्याचा अर्थ दुसऱ्या कंपनीत साफ वेगळा निघतो.

कोडच्या वर्णनातला शेवटचा शब्द जास्त कामाचा. ‘सर्किट लो’ किंवा ‘सर्किट हाय’ असेल तर संशय वायर, कपलर (वायरींचा प्लग) आणि सेन्सरवर, बहुधा याच क्रमाने. ‘रेंज’ किंवा ‘परफॉर्मन्स’ असेल तर सेन्सर बोलतोय, पण तो जे सांगतोय ते ईसीएमला पटत नाही. पी०१०१ घ्या. वर्णनात हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरचं नाव येतं, म्हणून लोक तो सेन्सरच बदलतात. पण एअर फिल्टर चोंदला, फिल्टरनंतरचा रबरी होज फाटला, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला, यातलं काहीही झालं तरी हवेचं माप चुकतंच. सेन्सर बिचारा खरं बोलत असतो.

आता पुसा, आणि लक्ष ठेवा

फोटो झाले, आता कोड पुसून घ्या. केबिनमध्ये एक वही ठेवा. लाईट परत लागली की गाडी थांबवून लिहा: कुठे, किती वाजता, गाडी भरलेली की रिकामी, कितवा गिअर, चढ की सपाट, पाऊस होता का, इंजिन थंड की गरम. चालत्या गाडीत लिहू नका, शेजारी बसलेल्याला सांगा.

चावी ऑन करताच, इंजिन सुरू व्हायच्या आधीच कोड परत आला तर दोष विजेचा. वायर तुटली, कपलरमध्ये पिन मागे सरकली, सेन्सर आतून मेला किंवा फ्यूज गेला. इंजिन फिरलंच नाही, मग डिझेल, टर्बो, कार्बन यांचा संबंध येतोच कुठे?

दोन-तीन दिवसांनी, सहसा गरम इंजिनावर, रांगत चालताना आला तर तो हळूहळू पक्का होणारा कोड. असे बरेच कोड एका फेरीत (इंजिन सुरू करून बंद करेपर्यंत एक फेरी) लाईट लावत नाहीत. पहिल्या फेरीत पेंडिंग होतात, पुढच्या फेरीत तीच चूक दिसली की पक्के होतात. ईजीआरचे कोड पुष्कळदा या जातीचे. म्हणून पुसल्यानंतर लाईट लागायची वाट न बघता पेंडिंगची यादी तपासली तर दुखणं एक-दोन दिवस आधी हाती लागतं.

रिकाम्या गाडीला काही नाही, पण माल भरून मुंब्रा बायपासचा चढ किंवा घोडबंदर रोडवरचा गायमुख घाट चढताना आला, तर डिझेलचं प्रेशर किंवा टर्बोची हवा कमी पडते आहे. मागणी वाढली तेव्हाच तुटवडा दिसला.

पावसात, गाडी धुतल्यावर किंवा खड्ड्यात आपटल्यावर येत असेल तर वायरिंग आणि अर्थ. गरम इंजिन अचानक बंद पडतं, थंड झालं की निमूट सुरू होतं, आणि कोड क्रँक सेन्सरचा (इंजिनाचं फिरणं मोजणारा) म्हणजे पी०३३५, तर मात्र सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. तापल्यावर मरणारे क्रँक सेन्सर नवे नाहीत.

एकदम चार-पाच कोड आले म्हणून घाबरू नका. चार सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. बहुतेक सेन्सरना ईसीएम ५ व्होल्ट पुरवतो आणि ती वायर दोन-तीन सेन्सरमध्ये वाटलेली असते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सोबतचेही खोटे ठरतात. एकेकाचा कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर बाकीचे शुद्धीवर येतात, तो गुन्हेगार.

बॅटरी आणि अर्थ: कंटाळवाणं, पण आधी हेच

साधा डिजिटल मल्टिमीटर विकत घ्या. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना १० च्या बरीच खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या पट्ट्या. व्होल्टेज पडलं की ईसीएम काहीही बरळतो, आणि ते कोड वाचण्यात अर्थ नसतो.

आता अर्थ. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनाची अर्थची पट्टी काढून, घासून, नट आवळून परत लावा. इंजिन चालू, हेडलाईट चालू अशा अवस्थेत हेच माप ०.२ च्या आत हवं. चॅसीवरही तसंच मोजा.

आपल्याकडे हे काम जास्त महत्त्वाचं, कारण अख्खी नवी मुंबई खाडीच्या कडेला आहे. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि गाडी रात्री उघड्यावर. कपलर उघडलात आणि पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, पिन घट्ट बसते का बघा. सँडपेपर लावू नका, पिनेवरचा मुलामा जातो.

दुसरा स्थानिक शत्रू उंदीर. एपीएमसीच्या धान्य बाजारात किंवा गोदामाजवळ रात्री गाडी लावणाऱ्यांना सांगायला नको. इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरिंगचं आवरण कुरतडतात. बाहेरून हारनेस (वायरींचा जुडगा) धड दिसतो, टेप उकलली की आत उघडं तांबं.

तिसरा शत्रू आपणच. आधीच्या मालकाने लावलेले जादा दिवे, म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स हॉर्न, जीपीएस. त्यासाठी वायरमनने कुठून करंट घेतला ते एकदा शोधून काढा. ईसीएमच्या फ्यूजवरून किंवा सेन्सरच्या अर्थवरून घेतलेला जोड सापडला तर तो आधी तोडा, मग पुढचं बोलू.

हे झालं की लाइव्ह डेटा उघडून संशयित वायर हाताने हलवा, ओढू नका. आकडा उडी मारतो त्या जागी दोष.

सकाळची तीन मापं

इंजिन रात्रभर थंड, चावी ऑन, इंजिन बंद. लाइव्ह डेटात कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. एखादा उणे ४० दाखवत असेल तर ते सर्किट तुटलेलं आहे, ठाण्यात तेवढी थंडी अजून पडलेली नाही. मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतलं प्रेशर, १०० किलोपास्कलच्या आसपास हवं, कारण आपण समुद्रसपाटीला आहोत आणि इंजिन बंद असताना सेन्सर बाहेरचीच हवा मोजतो. रेल प्रेशर शून्याजवळ हवं. ते ५० बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते आहे. स्पॅनर न उचलता चार सेन्सर तपासून झाले.

रांगत्या ट्रॅफिकचं दुखणं: ईजीआर

घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून पुढे ज्याने तास-तास काढलाय त्याच्या गाडीत काजळी साठणारच. ईजीआर व्हॉल्व्ह धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतो, म्हणजे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. इंजिन कायम कमी आरपीएमवर राहिलं की हा धूर ऑइलच्या वाफेशी मिसळून डांबरासारखा थर धरतो. मार्ग चोंदला की पी०४०१, म्हणजे धुराचा प्रवाह अपुरा. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर काळा धूर, ओढ कमी, आणि हवेच्या मापाचे कोड.

तपासायचं असं: गरम इंजिन, न्यूट्रल, लाइव्ह डेटात मास एअरफ्लोचा आकडा समोर. व्हॉल्व्ह उघडला की ताज्या हवेचं माप घटतं, बंद झाला की वाढतं, कारण धूर आत शिरला की तेवढी ताजी हवा कमी ओढली जाते. स्कॅनरवरून व्हॉल्व्हला हुकूम द्यायची सोय असेल तर उत्तम. हुकूम देऊनही आकडा ढिम्म हलला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा त्याचा मार्ग बंद.

पण साफसफाईला हात घालण्याआधी व्हॅक्यूम बघा. अनेक जुन्या डिझेल पिकअपमध्ये ईजीआर व्हॅक्यूमवर उघडतो आणि तोच व्हॅक्यूम पंप ब्रेकच्या बूस्टरलाही पुरवठा करतो. ब्रेक पॅडल कडक झालंय आणि ईजीआरचा कोडही येतोय, अशी जोडी दिसली तर बारीक रबरी पाइपांना चिरा पडल्यात का ते शोधा. तो पाइप चहापाण्याच्या पैशात बदलतो. ब्रेकचा प्रश्न असल्यामुळे तो उद्यावर ढकलायचा नाही.

‘ईजीआरला पत्री मारून टाकू’, म्हणजे धुराची वाट पत्र्याने बंद करू, हा सल्ला तुम्हाला मिळणारच. पत्री मारली की प्रवाह शून्य होतो, आणि प्रवाहावर लक्ष ठेवणाऱ्या ईसीएममध्ये तोच कोड कायमचा बसतो. शिवाय ती प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत छेडछाड आहे. मला तर ही दुरुस्तीच वाटत नाही. व्हॉल्व्ह काढून कार्बन क्लीनरने साफ करा, गॅस्केट नवं टाका, मॅनिफोल्डचं तोंडही बघा. मास एअरफ्लो सेन्सर साफ करायचा तर त्याच्यासाठीचाच स्प्रे वापरा. पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं त्याला लावू नका.

चढावर येणारा कोड: डिझेलचं प्रेशर

समजा, पी००८७ आहे, रेलमधलं प्रेशर कमी. फक्त भरलेल्या गाडीला, फक्त चढावर. इथे घाईने पंप किंवा इंजेक्टर काढले की खर्च हाताबाहेर जातो.

एक इशारा आधी. या पिढीच्या इंजिनात रेलचं प्रेशर आयडलिंगला साधारण २५० ते ३५० बार आणि पूर्ण ताकदीला १६०० बारच्या घरात जाऊ शकतं. चालू इंजिनावर रेलचा किंवा इंजेक्टरचा पाइप ढिला करायचा नाही, गळती हाताने चाचपायची नाही. त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत शिरतं, बाहेर फक्त टाचणीएवढी खूण दिसते. असं झालं तर थेट हॉस्पिटल. जुन्या पंपाच्या गाड्यांवर नट ढिला करून एअर काढायची सवय असलेल्या मिस्त्रींनाही हे सांगायला लाजू नका.

लाइव्ह डेटात दोन आकडे शेजारी ठेवा: मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने बघायचं किंवा रेकॉर्ड करायचं. आयडलिंगला दोन्ही जवळ, पण चढावर मिळालेला आकडा मागे पडत गेला तर डिझेल पोचत नाही किंवा वाटेत गळतंय.

मग स्वस्तापासून महागाकडे. पहिला डिझेल फिल्टर. त्याच्या तळाचा नट ढिला करून बाटलीत थोडं डिझेल काढा आणि ते स्थिर होऊ द्या. खाली पाण्याचा थर बसला तर पाणी आहे, पावसाळ्यात हे होतं. नवा फिल्टर टाकल्यावर हातपंपाने डिझेल भरून घ्या, नुसता सेल्फ मारत राहू नका. दुसरं, टाकीतली जाळी आणि झाकणाचा श्वास, म्हणजे त्याचं हवेचं भोक. तिसरं, ओढणाऱ्या बाजूला हवा शिरते का. फिल्टर आणि पंप यांच्यात थोडा वेळ पारदर्शक पाइप लावला की बुडबुडे दिसतात. ही कमी प्रेशरची बाजू आहे, इथे तसा पाइप चालतो.

यानंतरच पंप-नोझलवाल्याकडे जा आणि रिटर्न टेस्ट मागा. प्रत्येक इंजेक्टरचं परतीचं डिझेल वेगळ्या बाटलीत घेतात. एखादी बाटली बाकीच्यांच्या आधी भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. चारही सारखे आणि कमी असतील, तर संशय पंप आणि त्याच्या मीटरिंग युनिटकडे (पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारा भाग). ही टेस्ट न करता चारही इंजेक्टर बदला म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. कुर्ल्याहून जुना इंजेक्टर आणून बसवायचा विचार असेल तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीएममध्ये भरावा लागतो का ते आधी विचारा. अनेक इंजिनांत लागतो, आणि न भरल्यास इंजिन खडखडतं किंवा धूर सोडतं.

प्रेशर जागेवर राहिलं पण पी०२९९ येतोय, म्हणजे टर्बोची हवा कमी, तर इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारा भाग) होज आणि क्लिप बघा. फाटलेल्या होजवर ऑइलचा ओला डाग असतो आणि रेस दिली की शिट्टी ऐकू येते. टर्बो सगळ्यात शेवटी.

काम झाल्यावर

बदललेला जुना पार्ट हातात मागून घ्या. कोड पुसून घ्या, आणि वहीत जी परिस्थिती लिहिलीत तीच पुन्हा उभी करा. कोड गायमुख घाटात भरलेल्या गाडीला येत होता तर गॅरेजच्या दारात रिकाम्या गाडीला रेस देऊन काही सिद्ध होत नाही. तेवढाच माल, तोच चढ, तोच गिअर. पावसात येत असेल तर कपलरच्या भागावर पाण्याचा हलका फवारा मारून बघा. घरी आल्यावर पेंडिंगची यादी तपासा, आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा एकदा.

मिस्त्रीने कोड पुसलाच नाही तरी चालतं. दोष खरोखर गेला असेल तर साधारणपणे लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर लाईट आपोआप विझते. कोडची जुनी नोंद मात्र स्कॅनरमध्ये आणखी बराच काळ दिसत राहते, त्यामुळे पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजवाल्याने ती दाखवून नवा पार्ट सुचवला तर आधी विचारा, “हा कोड आत्ताचा आहे की जुना?”